संत जेरोम आणि एक शब्द

स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. मी सातवी शिकलेली बाई. एखादी पाककृती मागितली असती तर दिली असती, पण चरित्र लिहायचे म्हणजे काय थट्टा आहे? तरी गेले वर्षभर एक माणूस माझ्या मनात घर करून बसला आहे. त्याच्याविषयी सांगितल्यावाचून मला चैन पडायचे नाही. तो वारला त्याला सोळाशे वर्षे होऊन गेली. त्याचे नाव जेरोम.

झाले असे की मागच्या नाताळात माझी पुतणी सुट्टीला आमच्याकडे आली होती. कॉलेजात शिकते, हुशार आहे. संध्याकाळच्या घरच्या उपासनेत मी यशयाच्या सातव्या अध्यायातले वचन वाचले. कुमारी गर्भवती होईल आणि तिच्या पुत्राचे नाव इम्मानुएल ठेवतील, ते. पुतणीच्या हातात इंग्रजी शास्त्र होते. त्यात त्या जागी कुमारी नव्हतेच, तरुण स्त्री असे होते. ती मला म्हणाली की काकू, मग कुमारीच्या पोटी प्रभूचा जन्म झाला हे सगळे भाषांतरातल्या चुकीवर तर उभे नाही ना? घरात एकदम शांतता झाली. मोठ्या माणसांनी तिला असले प्रश्न विचारू नकोस म्हणून गप्प केले. मी स्वयंपाकघरात गेले आणि करंज्यांचे सारण परतता परतता करपवले.

भगिनींनो, मला राग आला नव्हता, भीती वाटली होती. माझ्या आईने शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून विश्वासाचा अंगीकार माझ्याकडून म्हणवून घेतला होता, आणि त्यात कुमारी मरियेचे नाव आहे. ते चुकीवर उभे असेल तर आईला मी काय म्हणून दाखवले? आपल्या मंडळातल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, आपण सगळ्या त्यांना नुसते बाई म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्यांनी कपाटातून पुस्तके काढली आणि पुढचे कित्येक गुरुवार दुपारी मला वाचून, समजावून सांगितले. त्यातूनच जेरोम मला भेटला.

आधी तो शब्द सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. यशयाचा ग्रंथ हिब्रू भाषेत आहे. यहूदाचा राजा आहाज याच्यावर अराम आणि इस्राएल या दोन राज्यांच्या राजांनी चाल केली होती. ख्रिस्तापूर्वी सातशे पस्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. यशयाने त्याला धीर दिला की एक स्त्री गरोदर होऊन पुत्राला जन्म देईल, आणि ते मूल बरेवाईट ओळखू लागण्याच्या आत या दोन्ही राजांचे देश ओसाड पडतील. त्या स्त्रीला हिब्रूत शब्द आहे अल्मा. कौमार्य स्पष्टपणे सांगायचे असले तर हिब्रूत बहुधा बेतुला हा दुसरा शब्द वापरतात. मग अल्मा म्हणजे काय? बाईंनी मला पुष्कळ समजावले, पण माझ्या ध्यानात आले ते आपल्याच बोलण्यातून. आपण म्हणतो की अमक्यांच्या घरी उपवर मुलगी आहे. उपवर या शब्दात मुलगी वयात आली, लग्नाची झाली, एवढेच आहे. ती कुमारी आहे हे आपण तोंडाने म्हणत नाही, पण ऐकणारा ते धरूनच चालतो. अल्मा हा शब्द मला तसा वाटतो.

पुढे ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत मिसर देशातल्या आलेक्सांद्रिया शहरी यहुदी पंडितांनी हे ग्रंथ ग्रीक भाषेत आणले. त्यांनी या ठिकाणी पार्थेनोस हा शब्द घातला, आणि त्याचा सरळ अर्थ कुमारी असा घेतला जातो. मत्तयाने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, तेव्हा मरियेच्या गोष्टीला यशयाचे हे वचन त्याच ग्रीक शब्दानिशी जोडले. तिथून वादाला तोंड फुटले. यहुदी म्हणू लागले की तुमचा सगळा दाखला भाषांतराचा आहे, मूळ शब्द तसा नाही. अक्विला, थियोदोशन, सिम्माकस यांनी नवी ग्रीक भाषांतरे केली, त्यांत तरुणी असा शब्द घातला. ख्रिस्ती लोक उलट म्हणू लागले की यहुद्यांनीच शास्त्र बिघडवले. दोनशे-अडीचशे वर्षे ही भांडणे चालू होती, आणि त्या भांडणाच्या मध्यात आमचा जेरोम येऊन उभा राहिला.

त्याचा जन्म सुमारे ३४७ साली स्त्रिदोन नावाच्या गावी झाला. दाल्मातिया आणि पान्नोनिया या रोमी प्रांतांच्या सीमेवर हे गाव होते. घर ख्रिस्ती आणि खाऊनपिऊन सुखी. बापाने मुलाला शिकायला रोमला पाठवले. तिथे दोनातस नावाच्या प्रसिद्ध व्याकरणकाराच्या हाताखाली त्याने लॅटिन भाषा अशी घटवली की जन्मभर तिचा मोह सुटला नाही. रविवारी मित्रांबरोबर तो जमिनीखालच्या भुयारांत हुतात्म्यांच्या कबरी पाहत हिंडे, आणि इतर दिवशी पोरवयात पोरे करतात ते सगळे करी. हे त्याने स्वतःच पुढे कबूल केले आहे. रोमलाच त्याचा बाप्तिस्मा झाला.

पुढे तो पूर्वेकडे निघाला आणि अंत्युखियात तापाने अंथरुणाला खिळला. त्या तापात त्याला स्वप्न पडले. न्यायासनापुढे उभे करून त्याला विचारले की तू कोण? तो म्हणाला, ख्रिस्ती. त्यावर त्याला सांगण्यात आले की खोटे, तू ख्रिस्ताचा नव्हेस, किकेरोचा आहेस. आणि फटके बसले. किकेरो हा रोमचा मोठा वक्ता आणि लेखक, जेरोमचा फार लाडका. जागा झाल्यावर त्याने ठरवले की असली पुस्तके हातात धरायची नाहीत. पुढे त्याच्या लिहिण्यात किकेरो डोकावतच राहिला म्हणा, पण तो निश्चय खोटा नव्हता.

मग सुरियातल्या खाल्किसच्या वाळवंटात तो तपाला बसला. शरीर उपाशी ठेवले तरी मन रोमच्या नाचगाण्यात जाई. त्याला लगाम घालण्यासाठी त्याने काय करावे? ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्यापाशी हिब्रू शिकायला बसला. घशातून निघणारे, फुसफुसणारे ते उच्चार त्या लॅटिनच्या लाडक्या जिभेला जड गेले. कितीदा त्याने सोडून दिले, कितीदा पुन्हा धरले. त्या काळी लॅटिन जाणणाऱ्या ख्रिस्ती पंडितांत हिब्रू येणारा जवळपास कोणी नव्हता.

३८२ साली तो रोमला परत आला आणि पोप दमासस यांचा चिटणीस झाला. लॅटिन शुभवर्तमानांच्या प्रती तेव्हा जितक्या हातांच्या तितक्या तऱ्हांच्या होत्या. त्या ग्रीकवरून तपासून नीट कर, असे पोपांनी त्याला सांगितले. तेव्हाच रोमच्या अवेंतीन टेकडीवर मार्सेला नावाची एक श्रीमंत विधवा आपल्या घरी बायकांना जमवून शास्त्र वाचत असे. त्यांत पौला होती, तिची मुलगी युस्तोखियम होती. या बायका जेरोमला नुसते ऐकत नसत. मार्सेला प्रश्न विचारून विचारून त्याला जेरीस आणी, आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारी. तिच्यासारखी शिष्या असली की गुरूलाच अभ्यास करावा लागतो, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. हे बाईंनी वाचले तेव्हा मला माझी पुतणी आठवली, आणि तिला गप्प करताना मी तोंड उघडले नाही याची लाज वाटली.

त्या दिवसांत हेल्विदियस नावाच्या माणसाने एक पुस्तक लिहिले की प्रभूच्या जन्मानंतर मरियेला योसेफापासून आणखी मुले झाली. मूळ जन्म कुमारीपासून झाला हे तोही मानत होता, वाद पुढचा होता. मत्तयाने तिला पुत्र होईपर्यंत असे लिहिले आहे, तर त्या पर्यंतवरून पुढचे कळतेच असे त्याचे म्हणणे. जेरोमने ३८३ च्या सुमारास त्याला उत्तर लिहिले की पर्यंत म्हटल्याने पुढे तसे झाले असे सिद्ध होत नाही. आपणही म्हणतो ना, आजीने मरेपर्यंत हातातली पाटली काढली नाही. मग मेल्यावर काढली काय? आपल्या मंडळात दोन्ही पंथांच्या भगिनी आहेत आणि प्रभूच्या भावांविषयी आपले एकमत नाही, म्हणून मी यात जास्त शिरत नाही. मला नवल वाटते ते एवढेच की एवढासा पर्यंत, आणि त्यावर पुस्तकामागून पुस्तके.

आता त्याच्या दोषाचे सांगते. पौलेची थोरली मुलगी ब्लेसिला ऐन तारुण्यात विधवा झाली. जेरोमच्या उपदेशाने तिने कडक उपास धरले आणि ३८४ साली ती वारली. अंत्ययात्रेत पौला मूर्च्छित पडली. लोक म्हणू लागले की पोरीला उपासांनी मारले. जेरोमने पौलेचे सांत्वन केले खरे, पण त्यातच तिला एवढा शोक करू नये म्हणून दोषही दिला. मला हे कधीच पटले नाही. ज्याने लेकरू पुरले नाही त्याने आईला रडू नको म्हणू नये. त्याची जीभ आणि लेखणी दोन्ही तिखट. रोमच्या पाद्र्यांची त्याने अशी टर उडवली होती की पोप दमासस वारताच सगळे त्याच्यावर उठले. ३८५ साली त्याने रोम सोडले.

त्याच्या मागोमाग पौलाही निघाली. युस्तोखियम बरोबर होती. किनाऱ्यावर धाकटा मुलगा तोक्सोतियस हात पसरून उभा होता, दुसरी मुलगी रुफिना मुकाट रडत होती, आणि गलबत सुटले. पौलेने आकाशाकडे डोळे लावले आणि किनाऱ्याकडे पाहिले नाही, कारण पाहिले असते तर ती गेली नसती. बाईंनी हे वाचल्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो नाही. मला ती थोर वाटली की निष्ठुर, हे आजही सांगता येत नाही.

३८६ साली ही मंडळी बेथलेहेमात स्थिरावली. पौलेच्या पैशातून पुरुषांसाठी एक मठ, बायकांसाठी तीन, आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली गेली. प्रभूचा जन्म झाला त्या गुहेच्या शेजारी बसून जेरोमने जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणायला घेतला. सुमारे पंधरा वर्षे ते काम चालले. हिब्रू पक्के करायला त्याने बरानिनास नावाचा यहुदी शिक्षक पैसे देऊन ठेवला. हा शिक्षक रात्री लपतछपत येई, कारण आपले लोक काय म्हणतील ही त्याला धास्ती. इकडे ख्रिस्ती लोक जेरोमला नावे ठेवत की हा यहुद्यांच्या पायांशी बसतो. पौलाही हिब्रू शिकली, आणि स्तोत्रे अशी म्हणे की लॅटिनचा सूरही लागू नये. यात जेरोमपेक्षा ती सरस होती, असे त्यानेच कबूल केले आहे. एरवी कोणाला सहजी मोठेपणा न देणारा माणूस तो!

आणि मग यशयाचा सातवा अध्याय आला. जुन्या लॅटिन प्रतींत, ग्रीकवरून, तिथे व्हिर्गो म्हणजे कुमारी होते. जेरोमला हिब्रू येत होते. तिथे अल्मा आहे, बेतुला नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. यहुदी भाषांतरकारांनी तरुणी घातले आहे, तेही त्याने पाहिले होते. त्याने व्हिर्गो कायम ठेवले. पण गुपचूप ठेवले नाही, याचे मला मोठे वाटते. पुढे ४०८ ते ४१० च्या सुमारास यशयावर त्याने मोठे भाष्य लिहिले आणि ते युस्तोखियमला अर्पण केले. त्यात तो उघड मांडतो की इथे कुमारीचा नेहमीचा शब्द नाही. मग आपले कारण देतो की अल्मा हा शब्द लपवणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे, म्हणून अल्मा म्हणजे आईबापांनी घरात जपून, दृष्टीआड ठेवलेली मुलगी. रिबका पाण्याला आली तेव्हा तिलाही हाच शब्द आहे, आणि ती कुमारी होती. यहुदी म्हणत की हे मूल म्हणजे आहाजाचा पुत्र हिज्कीया. त्यावर तो हिशेब मांडतो. आहाजाने सोळा वर्षे राज्य केले आणि हिज्कीया पंचविसाव्या वर्षी गादीवर आला, तर बाप राजा झाला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. मग तो जन्माला येणार असे कसे सांगतील? दुकानदाराची वही तपासावी तसा हा माणूस वचने तपासतो.

बाईंना मी विचारले की त्याचे हे धातूचे कारण आजचे पंडित मानतात काय? त्या म्हणाल्या की पुष्कळजण मानत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. लहान मोशेची बहीण आईला बोलवायला धावली, तिथे हिब्रूत हाच अल्मा शब्द आहे, आणि तिथे जेरोमने नुसते मुलगी असे भाषांतर केले. गीतरत्नातही तरुण मुली असेच केले. म्हणजे शब्दाचा रुंद अर्थ त्याला ठाऊक होता. यशयात त्याने अरुंद अर्थ घेतला, कारण मत्तयाने वाट दाखवली होती. तो शब्दावरून विश्वासाकडे गेला नाही, विश्वासाच्या उजेडात त्याने शब्द वाचला. हे कळले तेव्हा मला आधी धक्का बसला आणि मग बरे वाटले.

आणि समजा त्याने तरुणी घातले असते तर? काय झाले असते याची कल्पना भोपळ्यावरून येते. योनाच्या डोक्यावर देवाने सावलीसाठी वेल उगवला, तो जुन्या लॅटिनमध्ये भोपळ्याचा होता. जेरोमने तिथे आयव्ही नावाचा दुसरा वेल घातला. आफ्रिकेत ओएया नावाच्या शहरी बिशपांनी हे नवे भाषांतर वाचताच मंडळीत एवढा गोंधळ उडाला की लोक उठून जातील अशी बिशपांना भीती पडली. संत ऑगस्टिन यांनी जेरोमला पत्र लिहून ही हकिकत कळवली आणि हिब्रूच्या नादी न लागता ग्रीकवरूनच भाषांतर कर असे सुचवले. जेरोमने दिलेले उत्तर त्याच्या स्वभावाला शोभेसे होते. भोपळ्यापायी हे, तर कुमारीपायी काय झाले असते!

पौला ४०४ साली वारली. तिने इतके दान केले की मुलीच्या वाट्याला कर्जाचा डोंगर राहिला. ४१० साली गॉथ लोकांनी रोम लुटले. म्हाताऱ्या मार्सेलेला सैनिकांनी धन काढ म्हणून मारहाण केली, आणि थोड्याच दिवसांत ती गेली. रोमचे निर्वासित बेथलेहेमला येऊ लागले, तेव्हा जेरोमने लिहिणे बाजूला ठेवून त्यांची सोय पाहिली. डोळे अधू झाले होते, दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरे दिसत नसत. युस्तोखियमही त्याच्या आधी गेली. ४२० सालच्या ३० सप्टेंबरला तो वारला. चित्रांत त्याच्याजवळ सिंह आणि अंगावर कार्डिनलचा तांबडा झगा असतो. पण सिंहाची गोष्ट मागाहून जोडलेली, आणि तसला झगा तेव्हा नव्हताच.

त्याचे लॅटिन शास्त्र पश्चिमेकडे हजारावर वर्षे चालले, आणि १५४६ साली त्रेंतच्या धर्मसभेने ते प्रमाण ठरवले. कुमारी हा शब्द त्यातून लोकांच्या इतका अंगवळणी पडला की १९५२ साली अमेरिकेत नवे इंग्रजी शास्त्र निघाले आणि त्यात यशयात तरुण स्त्री छापली, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनात एका पाळकाने ते पान सर्वांसमक्ष जाळले. ते शास्त्र प्रसिद्ध झाले ३० सप्टेंबरला, जेरोमच्याच दिवशी! गंमत अशी की त्याच शास्त्रात मत्तयात कुमारीच होते, त्याला कोणी हात लावला नव्हता. पुढे २०११ साली अमेरिकेतल्या कॅथलिकांच्या सुधारलेल्या शास्त्रातही यशयात तरुण स्त्री आली. आणि ज्या आरोपावरून एवढी भांडणे झाली, की यहुद्यांनी मूळ शब्द बदलला, त्याचा निकाल १९४७ साली मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडला. ख्रिस्तापूर्वी लिहिलेली यशयाची गुंडाळी निघाली, आणि तिच्यात अल्माच आहे. कोणीही काही बदलले नव्हते.

पुतणीला मी हे सगळे सांगितले. तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर बाईंनी मला लूकाच्या पहिल्या अध्यायात दाखवले होते, तेही सांगितले. लूक यशयाचे ते वचन घेतच नाही. मरिया स्वतः देवदूताला विचारते की मी पुरुष जाणत नाही, तर हे कसे होईल? म्हणजे यशयात उपवर मुलगी वाचली तरी मरियेची गोष्ट जागच्या जागी राहते. फक्त मत्तयाने दिलेला दाखला कसा समजायचा, एवढे उरते. ती गोष्ट खरी मानायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. मी मानते. पण तिचे ओझे मी आता एका हिब्रू शब्दाच्या डोक्यावर देत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचीही तिला आठवण दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे शास्त्र मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनी त्याचे खिळे जुळवले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. बेथलेहेमात पौला होती, तशा आपल्याकडे या.

पुतणीने हे सगळे ऐकून घेतले आणि भलतेच विचारले. म्हणाली, काकू, किनाऱ्यावर उभा असलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले? मलाही ते ठाऊक नव्हते. पुन्हा बाईंकडे गेले. तोक्सोतियस मोठा झाला, त्याचे लेता नावाच्या मुलीशी लग्न झाले, त्यांना मुलगी झाली आणि तिला आजीचे नाव ठेवले. या नातीला कसे शिकवावे म्हणून लेताने विचारले, तेव्हा म्हाताऱ्या जेरोमने तिला लांबलचक पत्र लिहिले, की मुलीला लाकडाची नाहीतर हस्तिदंताची अक्षरे करून द्या, तिला त्यांच्याशी खेळू द्या, आणि खेळता खेळता त्यांची नावे शिकवा. ती धाकटी पौला पुढे बेथलेहेमला आली, आणि जेरोमच्या शेवटच्या वर्षांत ती तिथेच होती.